आवाजाच्या कारखान्यात घड्याळ एकच असावे

अलीकडे आपले तरुण रेकॉर्डिंग स्टुडिओच्या धंद्याकडे वळू लागले आहेत. कव्वाली, गाणी, जाहिराती, डबिंग, बोलकी पुस्तके अशी कामे निघतात आणि एका खोलीत, बेताच्या भांडवलात धंदा सुरू करता येतो. हे भांडवल बहुतेक वेळा वडिलांकडून, मामाकडून किंवा थोरल्या भावाकडून येते. ही मंडळी सूत, बीम आणि ग्रे कापडात आयुष्य घालवलेली असतात. मुलगा यंत्रांची यादी पुढे ठेवतो, आपण किंमत विचारतो, थोडी घासाघीस करतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. माग घेताना आपण शंभर गोष्टी पाहतो. इथे एकही पाहत नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी. शाळा उर्दू माध्यमाची, आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एक धडाही त्या शाळेत झाला नाही. पण भाच्याच्या स्टुडिओत आमचा पैसा गुंतला तेव्हापासून दुकान बंद केल्यावर तेथे जाऊन बसण्याचा परिपाठ ठेवला. तेथे जे समजून घेतले, त्यातील एकच विषय आज मांडत आहोत : डिजिटल यंत्रे एकमेकांशी एका चालीत कशी चालवायची. माइक कोणता घ्यावा, खोलीला फोम कुठे लावावा यावर सांगणारे पुष्कळ भेटतात. या विषयावर कोणी बोलत नाही आणि नुकसान मात्र येथेच होते.

प्रथम डिजिटल म्हणजे काय ते पाहू. आवाज ही हवेतील सलग लाट. डिजिटल यंत्र ती लाट सलग ठेवत नाही. ठरावीक अंतराने तिची उंची मोजते व आकडा लिहून ठेवते. असा एक आकडा म्हणजे एक सॅम्पल. आपण त्याला नमुना म्हणू. एका सेकंदात किती नमुने घ्यायचे, तो सॅम्पल रेट. संगीताच्या सीडीसाठी तो ४४,१०० आहे. व्हिडिओ, चित्रपट व डबिंगच्या कामासाठी ४८,००० चालतो.

४४,१०० हा आकडा विचित्र वाटतो, पण त्याला हिशेब आहे. सीडी १९८२ साली जपानमध्ये प्रथम विक्रीला आली. त्याच्या आधीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेपच वापरत. चित्राच्या एका रेषेत ३ नमुने बसवत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड व प्रत्येकात उपयोगाच्या २४५ रेषा. युरोपच्या पद्धतीत ५० फील्ड व २९४ रेषा. दोन्हीकडचा गुणाकार करून पाहा, ४४,१०० च येतो. दोन्ही मुलुखांची यंत्रे चालावीत म्हणून हा आकडा धरला गेला. ४८,००० चा फायदा असा की आपल्याकडील व्हिडिओच्या २५ फ्रेमनी भागले तर एका फ्रेमला पूर्ण १,९२० नमुने येतात आणि सिनेमाच्या २४ फ्रेमनी भागले तर पूर्ण २,०००. शिल्लक काही राहत नाही.

आता या दोहोंची गल्लत झाली तर काय होते? आपल्या धंद्यात गज आणि मीटर यांची गल्लत झाल्यावर जे होते तेच. मीटर हा गजापेक्षा सुमारे ९ टक्के मोठा. ४८,००० हेही ४४,१०० पेक्षा सुमारे ९ टक्के मोठे. ४४,१०० ने भरलेला एक तासाचा आवाज ४८,००० च्या चालीने वाजवला तर तो ५५ मिनिटे आणि साडेसात सेकंदांत संपतो. सूर हार्मोनियमच्या सुमारे दीड पट्टीने चढतो आणि भारदस्त माणसाचा आवाज पोरसवदा होतो. ही चूक मोठी असल्याने लगेच कानाला कळते व दुरुस्तही होते, म्हणून तिची फारशी भीती बाळगू नये. काम घेतानाच गिऱ्हाइकाला विचारून आकडा ठरवावा आणि सर्व यंत्रांवर तोच लावावा, एवढे पुरे. ९६,००० वर काम करण्याची हौस काही मुलांना असते. त्यात फाइल दुप्पट मोठी होते, आणि पुढे ज्याचा उल्लेख येणार आहे त्या ऑप्टिकल वायरीतून ८ ऐवजी ४ च आवाज जातात. गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय त्या भानगडीत पडू नये.

खरी अडचण याच्या पुढची आहे. दोन यंत्रांवर ४८,००० हाच आकडा लावला तरी ती दोन यंत्रे एका चालीत चालतात असे नाही.

यंत्रमागावरून हे चांगले समजेल. मोटर वरचा क्रँक शाफ्ट फिरवते आणि त्यावरील दातेरी चक्र खालचा शाफ्ट बरोबर निम्म्या वेगाने फिरवते. फणी ठोकणे एका शाफ्टवर, शटल फेकणे आणि ताण्याचे धागे वरखाली करणे दुसऱ्यावर. आता कोणी म्हणाले की चक्र काढून टाकू, खालच्या शाफ्टला वेगळी मोटर लावू आणि दोन्ही मोटरींचा वेग मोजून ठरवून देऊ, तर कोणताही जॉबर त्याला हसेल. वेग कितीही काटेकोर ठरवा, मिनिटाभरात शटल धाग्यांत अडकून ताणा तुटेल. वेग सारखा असणे वेगळे आणि दात दातात बसलेला असणे वेगळे.

डिजिटल यंत्रांचे तसेच आहे. प्रत्येक डब्यात क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारे स्वतःचे घड्याळ असते आणि नमुना केव्हा घ्यायचा हे ते ठरवते. दोन स्फटिक अगदी सारखे कधीच नसतात. उष्णतेनेही त्यांची चाल बदलते. दोन घड्याळांत १० लाखांमागे २० चा फरक ही मामुली गोष्ट आहे. पण सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर एवढ्या फरकाने प्रत्येक सेकंदाला जवळजवळ एक नमुना जास्त किंवा कमी पडतो. घेणाऱ्या यंत्रापुढे दोनच मार्ग उरतात : एक नमुना टाकून देणे किंवा एक दोनदा लिहिणे. दोन्हींत लाट तुटते आणि कानाला टिक् असा आवाज येतो.

येथे एक उलटी गोष्ट आहे, ती नीट ध्यानात घ्यावी. घड्याळे जितकी जवळजवळ सारखी, तितका धोका अधिक. फरक १० लाखांत २० असेल तर टिक् दर सेकंदाला येईल आणि मुलगा पहिल्याच मिनिटाला सावध होईल. फरक १० लाखांत १ इतकाच असेल तर टिक् सुमारे २१ सेकंदांनी एकदा येईल. आवाजाच्या गर्दीत ती ऐकूही येणार नाही. ऐकू येईल ती शांत जागी, आणि तीही गिऱ्हाइकाला.

भाच्याच्या स्टुडिओत असेच झाले. एक कव्वाल पार्टी आली होती, एकूण १४ माइक. कॉम्प्युटरला जोडलेल्या इंटरफेसवर ८ माइक लागतात. उरलेल्यांसाठी दुसरा ८ माइकांचा डबा आणून ऑप्टिकल वायरीने इंटरफेसला जोडला. मुख्य गायक व हार्मोनियम पहिल्या डब्यावर, कोरस, टाळ्या आणि ढोलक दुसऱ्यावर. तीन रात्री काम चालले. आठवड्याने मिक्सिंगच्या वेळी सुरुवातीच्या संथ आलापामागे बसलेल्या कोरसच्या ट्रॅकवर टिक्-टिक् सापडली. आम्ही विचारले, “बेटा, हे काय?” तो म्हणाला, “मामू, दोन्ही डब्यांवर अठ्ठेचाळीसच आहे, मी स्वतः पाहिलंय.” ते खरे होते. आकडा दोन्हींवर एकच होता, घड्याळे मात्र दोन होती. दोन्ही डबे ‘इंटर्नल’वर, म्हणजे आपापल्या घड्याळावर चालत होते.

इंटरफेस स्वतःच्या घड्याळावर असल्याने त्याचे पहिले ८ ट्रॅक स्वच्छ राहिले आणि दोष फक्त ९ ते १४ या ट्रॅकवर आला. ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे : टिक् फक्त बाहेरून आलेल्या ट्रॅकवर असेल तर घड्याळावर संशय घ्यावा. कोरस आणि ढोलकवाल्यांना पुन्हा बोलवावे लागले. त्यांचे भाडे, जेवण आणि रात्रीची मजुरी भाच्याच्या खिशातून गेली. मुख्य गायक तोपर्यंत गळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाले होते आणि डॉक्टरांनी त्यांना कित्येक महिने गाण्यास मनाई केली होती. त्यांचा माइक दुसऱ्या डब्यावर असता तर ते काम तेथेच बुडाले असते. टिक् पुसणारे सॉफ्टवेअर मिळते, नाही असे नाही. पण प्रत्येक ट्रॅकवर शेकडो जागी रफू करून माल नवा म्हणून विकता येत नाही. ग्रे कापडातला दोष रंगाईत जात नाही, उलट उठून दिसतो.

तेव्हा नियम असा : स्टुडिओतील एक यंत्र मास्टर, बाकी सर्व त्याच्या मागे. मास्टर कोण हे सांगण्यासाठी प्रत्येक यंत्राच्या सेटिंगमध्ये ‘क्लॉक सोर्स’ नावाची जागा असते. मास्टरवर ‘इंटर्नल’, आणि इतरांवर ज्या वायरीतून घड्याळ येते त्या वायरीचे नाव : ऑप्टिकल, एस-पीडीआयएफ, एईएस किंवा वर्ड क्लॉक. दोन यंत्रे ‘इंटर्नल’वर असता कामा नयेत, आणि दोन यंत्रे एकमेकांच्या मागेही असता कामा नयेत.

मास्टर कोणाला करावे? ज्या डब्यातून महत्त्वाचे माइक आत येतात त्याला. डबा बाहेरच्या घड्याळामागे चालतो तेव्हा वायरीतून येणाऱ्या ठोक्यांतील बारीक थरथरही थोडीफार त्याच्यात उतरते. स्वतःच्या स्फटिकावर बहुतेक चांगले डबे उत्तम चालतात. म्हणूनच दोन-तीन यंत्रांच्या स्टुडिओला वेगळे ‘मास्टर क्लॉक’ यंत्र घ्यायला सांगणाऱ्या दुकानदाराचे ऐकू नये. त्याने आवाज सुधारतो हे सांगणे विक्रीपुरते असते. यंत्रे बरीच असली आणि सर्वांना घड्याळ वाटून द्यायचे असले तर त्याचा उपयोग आहे.

मात्र कधी कधी निवड आपल्या हाती नसते. दुसऱ्या डब्याला घड्याळ आत घेण्याची खोबणच नसेल आणि फक्त ऑप्टिकल वायर बाहेर येत असेल, तर तोच मास्टर करावा लागतो व इंटरफेसला त्याच्या मागे ‘ऑप्टिकल’वर ठेवावे लागते. काम चालते, बिघडत काही नाही. पण पुढे तिसरा असाच डबा आणला तर दोघेही मास्टर होऊ पाहतील आणि मार्ग उरणार नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारायचा प्रश्न हा : “याला घड्याळ आत घेता येते का, आणि कोणत्या वायरीने?” उत्तर डब्याच्या मागच्या बाजूला छापलेले असते.

ही ऑप्टिकल खोबण मूळची अ‍ॅलेसिस कंपनीच्या एडॅट नावाच्या यंत्राची. १९९१ साली ते दाखवले गेले आणि १९९२ पासून विकले गेले. ते व्हिडिओच्या एस-व्हीएचएस कॅसेटवर ८ ट्रॅक भरत असे, आणि अशी १६ यंत्रे जोडून १२८ ट्रॅक एका चालीत चालवता येत. आज ते यंत्र कोणी वापरत नाही, पण खोबण नव्या डब्यांवरही त्याच नावाने येते. दिसायला ती घरच्या टीव्हीच्या ऑप्टिकल खोबणीसारखीच असते व वायरही तीच लागते. मात्र आतली भाषा वेगळी, एकात ८ आवाज तर दुसरीत २. काही डब्यांत ही भाषा सेटिंगमधून बदलता येते, तेव्हा ती एडॅटवर आहे ना हे पाहावे. ही वायर ५ मीटरच्या आत ठेवावी आणि कोनात मोडू नये.

वर्ड क्लॉकची वायर वेगळी. तिच्यातून आवाज जात नाही, नमुन्यामागे एक ठोका एवढेच जाते. तिला बीएनसी जॅक लागतो व वायर ७५ ओहमची हवी. केबल टीव्हीची वायर ७५ ओहमचीच असते. वायरलेस सेटची किंवा जुन्या कॉम्प्युटर नेटवर्कची वायर दिसायला तशीच पण ५० ओहमची. बाजारातून ती उचलून आणू नये. वायरीवर आरजी-५८ छापले असेल तर ती ५० ओहमची, आरजी-५९ असेल तर ७५ ची. एका वायरीवर टी लावून दोन-तीन डबे जोडले तर शेवटच्या डब्यावर ७५ ओहमचा टर्मिनेटर लावावा. तो नसला तर ठोका टोकावरून उलटून परत येतो आणि मधल्या डब्यांना भ्रम होतो. काही डब्यांत टर्मिनेटर आतच असतो किंवा बटणाने लागतो. मधल्या डब्यावर तो चालू राहिला तर ठोका दुबळा पडतो, म्हणून माहितीपत्रक वाचूनच जोडणी करावी.

जोडणी झाल्यावर दिवे पाहावेत. दिवा लुकलुकत असेल तर घड्याळ पकडलेले नाही. काही यंत्रे ‘लॉक’ आणि ‘सिंक’ असे दोन शब्द दाखवतात. लॉक म्हणजे समोरून येणारे वाचता येत आहे. सिंक म्हणजे ते आपल्याशी दात दातात बसून चालत आहे. भाच्याच्या यंत्रावर त्या तीन रात्री ‘लॉक’ दिसत होते, आणि मुलाने तेवढ्यावर समाधान मानले.

दिव्यांवर थांबू नये, परीक्षा घ्यावी. १,००० हर्ट्झचा एकसारखा सूर दुसऱ्या डब्यात सोडून १० मिनिटे रेकॉर्ड करावा आणि हेडफोन लावून पूर्ण १० मिनिटे ऐकावा. बोलण्यात किंवा ढोलकीत लपणारी टिक् अशा सुरात लपत नाही. वर सांगितल्याप्रमाणे ती २१ सेकंदांनीही येऊ शकते, त्यामुळे अर्ध्या मिनिटाची परीक्षा ही परीक्षा नव्हे. टिक् ठरावीक अंतराने येत असेल तर घड्याळाचा दोष. कॉम्प्युटरवर कामाचा बोजा वाढला की वाढते आणि अंतराचा काही नेम नसतो, तर तो बफर लहान ठेवल्याचा दोष. रेकॉर्डिंगच्या वेळी बफर लहान ठेवतात, कारण १२८ नमुन्यांचा बफर ४८,००० वर अडीच-पावणेतीन मिलीसेकंद लावतो तर १,०२४ चा २१ लावतो, आणि गाणाऱ्याला आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येऊ लागतो. मिक्सिंगला मोठा बफर खुशाल ठेवावा. आणखी एक : क्लॉक सोर्स बदलताना स्पीकर बंद ठेवावेत, कधी कधी असा कर्कश आवाज निघतो की स्पीकर आणि कान दोन्ही जायचे.

यूएसबी माइक घेऊन मुलाखती भरणाऱ्या मुलांनीही हे वाचावे. असा प्रत्येक माइक म्हणजे स्वतंत्र घड्याळ असलेला डबा. दोन स्वस्त माइक घेतले की दोन घड्याळे आली, आणि त्यांना घड्याळाची खोबण सहसा नसतेच. अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवर दोन्ही एकत्र करून एकाची चाल दुसऱ्याशी जुळवणारी सोय आहे, ती वापरता येते. पण दोन माइक लागणारच असतील तर दोन साधे माइक आणि दोन खोबणींचा एक इंटरफेस घ्यावा, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही.

आता वेळेच्या खुणेविषयी थोडे. टाइमकोड आणि घड्याळ यांत मुले गोंधळ करतात. टाइमकोड म्हणजे तास, मिनिट, सेकंद, फ्रेम असा पत्ता. कोणत्या जागेवरून सुरू करायचे ते तो सांगतो. एकदा सुरू झाल्यावर पाऊल जुळवून चालणे हे वर्ड क्लॉकचे काम. तागा कुठून उलगडायचा हे सांगितले म्हणून माप बरोबर येत नाही. आपल्याकडे टीव्हीच्या कामाला २५ फ्रेमचा टाइमकोड चालतो, सिनेमाला २४. अमेरिकेतील गिऱ्हाइकाचे काम आले तर २९.९७ मागतील. १९५३ साली तेथे रंगीत टीव्ही आला तेव्हा ३० मधून हजारात एक भाग कमी केला गेला, त्याचे हे लोढणे आजही आहे. ३० आणि २९.९७ यांची गल्लत झाली तर एका तासात ३.६ सेकंद घसरतात, म्हणून फ्रेमचा आकडा लेखी घ्यावा. कीबोर्ड आणि रिदम मशीनमध्ये जे मिडी क्लॉक चालते ते तिसरेच. ते एका मात्रेला २४ ठोके देऊन फक्त लय सांगते.

समारंभाच्या शूटिंगमध्ये कॅमेरा आणि आवाजाचे यंत्र यांच्यात वायर नसते, म्हणजे दोन घड्याळे ठरलेलीच. १० लाखांत २० चा फरक धरला तर दोन तासांच्या कार्यक्रमात ०.१४४ सेकंदांची तफावत पडते, साडेतीन फ्रेमहून अधिक. शेवटच्या कव्वालीत टाळी आधी दिसते आणि नंतर ऐकू येते, किंवा उलट. येथे नमुना गळत नाही, दोन्ही रेकॉर्डिंग आपापल्या जागी निर्दोष असतात, त्यामुळे इलाज आहे. कॅमेऱ्यासमोर एक टाळी सुरुवातीला आणि एक शेवटी वाजवून घ्यावी. पहिल्या टाळीवर दोन्ही जुळवले की दुसऱ्या टाळीवर किती तफावत आली ते कळते आणि तेवढाच आवाज लांबवता किंवा आखडता येतो. शेवटची टाळी घ्यायला मुले हमखास विसरतात, कारण तोवर सामान आवरायची घाई झालेली असते.

भाच्याच्या स्टुडिओत आता प्रत्येक कामाच्या पाकिटावर चार ओळी लिहिल्या जातात : सॅम्पल रेट किती, मास्टर कोणता डबा, इतर डबे कोणत्या वायरीने त्याच्या मागे, आणि व्हिडिओ असेल तर फ्रेम किती. खाली दहा मिनिटांच्या सुराची परीक्षा कोणी ऐकली त्याची सही. गिऱ्हाईक सहा महिन्यांनी दुरुस्तीला परत आले तर पाकीट पाहून त्याच जोडणीवर यंत्रे लावली जातात.